अस्सलबरहुकूम

बँकेत बरीच वर्षं काढली की माणसाच्या नजरेला एक खोड लागते. समोर कागद आला की तो अस्सल आहे की नक्कल, हे आधी पाहायचं आणि त्यावर काय लिहिलंय ते मागाहून. लग्नपत्रिकासुद्धा मी अशीच वाचतो. नक्कल असेल तर तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का हवा, शिक्क्याखाली सही हवी आणि सही करणाऱ्यानं अस्सल कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. (पाहिलेला नसतो. पण हवा.)

आता समजा, अस्सल कागदावर चहाचा डाग आहे. तो नकलेत यायला हवा की नको? पूर्वी कचेरीतला कारकून हातानं नक्कल काढायचा. अक्षर न् अक्षर उतरवायचा, पण डाग काही उतरवायचा नाही. झेरॉक्सचं यंत्र मात्र डाग उतरवतं, घडी उतरवतं, आणि यंत्राच्या काचेवर कुणाचा केस पडला असेल तर तोही कागदपत्रांत सामील करून घेतं. मग ह्या दोघांतली खरी नक्कल कुणाची? हा प्रश्न आमच्या बँकेत आजवर कुणी विचारलेला नाही, कारण त्यासाठी वेगळा फॉर्म नाही. मलाही तो पडला नसता. पण आमचा वाडा पडणार असं ठरलं आणि त्याच्या आधी हा प्रश्न पडला.

वाडा पुण्यातला. पुनर्विकासात जायचा होता. दोन खोल्या रिकाम्या करून आईनं माझ्याकडे यायचं असं ठरलं. सामानाच्या वाटण्या झाल्या. पितळी भांड्यांना गिऱ्हाईक मिळालं, शिसवी कपाटाला मिळालं, जात्यालासुद्धा मिळालं. राहिल्या अण्णांच्या रेकॉर्डी. एकतीस एल.पी. आणि बावन्न लाखेच्या जुन्या, अठ्ठ्याहत्तरच्या वेगाच्या. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. मग आम्हा भावंडांचा व्हिडिओवर विचारविनिमय झाला. दादा अमेरिकेतून, ताई नाशिकहून, मी वाड्यातूनच. निष्पन्न झालं ते असं, की गाणी सगळ्यांना हवीत आणि रेकॉर्डी कुणालाच नकोत. तेव्हा गाणी संगणकात उतरवून घ्यावीत. कुणी? दादा म्हणाला, “तू बँकेत आहेस. ट्रान्स्फर एंट्रीची तुला सवय आहे.”

ज्यांना हा उद्योग करायचा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. प्लेअरची वायर सरळ संगणकाच्या भोकात घातली की काम झालं, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं केलं तर भरदार आवाजाचा गवई पत्र्याच्या डब्यात बसून गातोय असं वाटतं. त्याचं कारण मला समजलं आणि त्या दिवशी बी.कॉम. झाल्याचं सार्थक झालं. रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर आधीच कमी करून ठेवतात, कारण ते पुरे दिले तर खाच एवढी नागमोडी होते की शेजारच्या खाचेत शिरते आणि एका बाजूत पाच मिनिटांचंही गाणं मावत नाही. उलट वरचे सूर वाजवीपेक्षा जास्त भरतात. वाजवताना ते पुन्हा कमी करायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर खरखरही कमी होते. थोडक्यात, ही मुळातच कर कापून घेण्याची पद्धत आहे! खर्जाचा टी.डी.एस. आधी कापायचा आणि ऐकताना परतावा द्यायचा. परतावा देणारं एक छोटं यंत्र मध्ये बसवावं लागतं, त्याला फोनो प्रीअँप म्हणतात. कापण्याचा दर १९५४ साली ठरला. त्याच्या आधी प्रत्येक कंपनीचा दर निराळा होता, त्यामुळे जुन्या रेकॉर्डींचा परतावा अंदाजानंच द्यावा लागतो. हे सगळं मी मेहुण्यांना मोठ्या उत्साहानं समजावलं. ते विक्रीकरात होते. त्यांनी नुसतं विचारलं, “फॉर्म सोळा मिळतो का?”

ह्याच मेहुण्यांनी रेकॉर्डी पुसायला स्पिरिटची बाटली आणली होती. एल.पी.चं एक वेळ सोडून द्या, पण अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डी लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार कपाटाला पॉलिश करतात ते ह्याच मिश्रणाचं. तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी कपाटाला फासायची नसेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं एवढंच वापरावं. मेहुणे बाटली परत घेऊन गेले. तिचं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही.

सुईचीही तीच तऱ्हा. लाखेच्या रेकॉर्डीची खाच रुंद, एल.पी.ची अरुंद, तेव्हा सुया दोन लागतात. त्या मिळवायला मला तीन रविवार लागले. ह्याच्याशी ताडून एक गोष्ट पाहा. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लावली. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक रेकॉर्ड आहे आणि तिच्यावर जगभरच्या संगीताबरोबर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. जेमतेम साडेतीन मिनिटांची. त्या लोकांनी रेकॉर्डीबरोबर सुई आणि कार्ट्रिजही दिलं आहे, ती कशी वाजवायची ह्याची चित्रंही कोरून दिली आहेत. ताऱ्यांमधल्या पोकळीत सुईची सोय आहे आणि आमच्या पेठेत नाही! दुसरं यान सप्टेंबरच्या ५ तारखेला उडालं आणि १६ तारखेला केसरबाई गेल्या.

असो. काम सुरू झालं आणि पहिलंच ज्ञान झालं की ह्यात घाई नावाचा प्रकार नाही. वीस मिनिटांची बाजू उतरवायला वीस मिनिटंच लागतात. चिरंजीवांना हे पटेना. “फास्ट फॉरवर्ड करून कॉपी होत नाही?” नाही होत. अण्णांनी जेवढा वेळ ऐकलं तेवढाच वेळ मलाही बसावं लागलं, आणि मला वाटतं त्यांच्याजवळ इतका सलग मी ते असताना कधी बसलो नसेन. संगणक मात्र सेकंदाला ४४,१०० आकडे मांडत होता. आमच्या शाखेत एवढे आकडे मांडायचे म्हणजे मधे दोन बदल्या आणि एक निवृत्ती होऊन जाईल.

रेकॉर्डिंग चालू असताना घरात सगळे चवड्यांवर चालायचे. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून सौभाग्यवतींनी दोन दिवस वरणाऐवजी पिठलं केलं. वास्तविक तारेनं थेट आवाज घेतला तर खोलीतलं काहीच त्यात येत नाही. जोरात पाय आपटला तर सुई हलेल, एवढंच. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही. इतकी शांतता आमच्याकडे लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा नसते.

पण त्या शांततेत बसल्याबसल्या एक गोष्ट मनात आली आणि तिनं जरा चुटपुट लावली. ह्या तबकड्या पन्नास-साठ वर्षं आमच्या घरात वाजल्या. त्यांच्या समोर अण्णा किती बोलले असतील, आई किती वेळा “आता पुरे करा, पानं घेतली आहेत” म्हणाली असेल. त्यातलं एक अक्षर त्यांच्यावर उमटलेलं नाही. रेकॉर्ड घरातलं बोलणं ऐकतच नाही. घरानं तिला काय मारलं, तेवढं मात्र ती जपून ठेवते.

आता पडद्यावर. गाणं तिथं डोंगररांगेसारखं दिसतं, आणि रेकॉर्डीला चरा असेल तिथं त्या डोंगरावर एक बारीक उभी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे टिक. ऑडॅसिटी नावाची एक फुकट प्रणाली आहे, ती ह्या रेघा शोधून काढून टाकते. खरखर काढायची तिची तऱ्हा तर मजेशीर आहे. गाणं सुरू होण्याआधीची दोन सेकंदं तिला दाखवायची आणि म्हणायचं, ‘बाई गं, ही नुसती खरखर. ही ओळखून ठेव आणि पुढं दिसेल तिथून वजा कर.’ ती बापडी करते. फार मनापासून करते. तंबोऱ्याच्या जवारीत जी एक झीण असते, तीही तिला खरखरच वाटते. गायकानं सुराआधी श्वास घेतला तर तोही कचरा. जरा जास्त साफ करायला सांगा, की गवई पाण्याच्या टाकीत बसून गायला लागतो. मुन्शिपाल्टीचे लोक अतिक्रमणाबरोबर तुळशीवृंदावनही उचलून नेतात, त्यातलाच प्रकार.

दादाचं म्हणणं होतं, सगळं साफ कर. “मला गाणं हवंय, त्याचे आजार नकोत.” वरवर पाहता हे बिनतोड आहे. पण कचरा कशाला म्हणायचं? नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला हिंदुस्थानातली पहिली रेकॉर्डिंगं झाली तेव्हा गौहरजान गाणं संपताना इंग्रजीत आपलं नाव पुकारायच्या. रेकॉर्डी छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला लेबल लावताना कळावं म्हणून ही पुकार, असं सांगतात. म्हणजे ती निव्वळ कारकुनी नोंद! संगीताशी तिचा संबंध नाही. त्या वेळी कुणी साफसफाईला बसला असता तर ती पहिली उडवली असती. आणि आज लोक गाणं ऐकतात न ऐकतात, पण ती पुकार ऐकायला थांबतात. कारकुनी नोंदीचं एवढं भाग्य दुसरीकडे कुठं उजळलेलं माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून मी मनाशी एक नियम केला. धूळ खुशाल काढावी, ती कुणाची नसते. चरा मात्र कुणीतरी पाडलेला असतो. तेव्हा तो काढण्याआधी विचारावं.

आमच्या भावगीतांच्या एका एल.पी.वर, दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, असा एक चरा आहे. तो ताईनं पाडला. १९९१ साली. ती तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तिला मुंबईला चित्रकला शिकायला जायचं होतं. प्रवेशाचं पत्रही आलं होतं. अण्णा नाही म्हणाले. आमच्या घरात बी.कॉम. हा अभ्यासक्रम नव्हता, कुळाचार होता. बोलणं वाढलं, आणि बोलणं वाढलं की अण्णा उठून रेकॉर्ड लावत, म्हणजे विषय संपला. त्यांनी रेकॉर्ड लावली. ताई उठली आणि चालू रेकॉर्डीवरचा दांडा तिनं खसकन ओढून उचलला. अकरा वर्षांचा मी दारात उभा होतो. सुईचा तो आवाज ज्यांनी ऐकला असेल त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी ऐकू नये.

अण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. ताई बी.कॉम. झाली, विमा कंपनीत लागली, तिथंच साहेब झाली. आणि अण्णा ती रेकॉर्ड लावत राहिले. महिन्यातून एखाद्या रविवारी, चऱ्यासकट. ताई माहेरी आलेली असली तरी. मुद्दाम लावत की सहज, हे सांगता येत नाही. तिला ऐकवायला लावत, की स्वतःला? तिसरं गाणं आलं की टिक, टिक, टिक. रेकॉर्ड एक फेरा १.८ सेकंदांत पुरा करते, तेव्हा दर १.८ सेकंदांनी एक टिक. मी पडद्यावर मोजल्या. बावीस आहेत. म्हणजे चाळीस सेकंदं. चरा रेकॉर्डीवर पाहिला तर अडीच मिलिमीटरसुद्धा नाही. एकेका टिकेखाली गाणं बुडतं तीन मिलिसेकंद. बावीस त्रिक सहासष्ट. एका सेकंदाचा पंधरावा हिस्सा! एवढ्या थकबाकीसाठी आमच्या शाखेनं कधी साधं स्मरणपत्रही पाठवलं नसतं.

ताईचा फोन आला. तिनं रेकॉर्डींची यादी विचारली, आईच्या गुडघ्याचं विचारलं आणि जाता जाता म्हणाली, “त्या तिसऱ्या गाण्यातलं तेवढं काढून टाक रे.”

बुककीपिंगच्या तासाला पहिला धडा असतो की वहीत खोडाखोड करायची नाही. रबर, ब्लेड, पांढरी शाई, सगळं वर्ज्य. नोंद चुकली तर ती तशीच राहू द्यायची आणि खाली दुरुस्तीची वेगळी नोंद घालायची. म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. दुसरा धडा असा की नोंद एकटी नसते. एका खात्याला नावे पडली की दुसऱ्याला जमा पडायलाच हवी. चऱ्याची नोंद रेकॉर्डीवर आहे. तिच्या समोरची नोंद कुठं आहे? ती मुंबईच्या शाळेच्या हजेरीपटावर न चढलेल्या एका नावापाशी आहे. ती काही मला कुठल्याही प्रणालीनं दुरुस्त करता येत नाही. मग मी ह्या बाजूची तेवढी पुसली, तर ताळा जुळेल कसा?

वर्तमानपत्रात अमुक कोटींची कर्जं राइट-ऑफ झाल्याचं छापून आलं की काउंटरवरचे लोक म्हणतात, “बड्यांना माफी आणि आमचा हप्ता चुकला की फोन!” त्यांना मी समजावतो की बाबांनो, राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. राइट-ऑफ केलं की बँकेच्या ताळेबंदात ते कर्ज दिसेनासं होतं, इतकंच. कर्जदार कर्जदारच राहतो, वसुली चालूच राहते. माफी निराळी. ती ज्याचं येणं आहे त्यानंच द्यायची असते. गाण्यातल्या टिका काढणं म्हणजे फार तर राइट-ऑफ. ताईला ते नको होतं. तिला जे हवं होतं ते देणारा माणूस सहा वर्षांपूर्वी गेला. आणि कोण कुणाचं देणं लागत होतं, हेही त्या दोघांच्या वहीत कधी स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “तीच रेकॉर्ड लक्ष्मी रोडला दुकानात मिळत होती. मी ह्यांना दोनदा म्हटलं, नवी आणा. नाही आणली.” आणि शेंगा सोलायला लागली. तिचं निवेदन संपलं होतं.

शेवटी मी बावीस टिका हातानं काढल्या. एकेक मोठी करून, दोन्ही बाजूंचा सूर बघून. तीन रात्री गेल्या. इथंही एक गोम आहे. टिक काढल्यावर त्या जागी भोक राहत नाही. मागचा-पुढचा सूर पाहून ही प्रणाली मधला सूर स्वतः बनवते आणि भरते. कानाला शंका येत नाही. पण हिशेबानं बोलायचं तर त्या गाण्यात आता सहासष्ट मिलिसेकंदं अशी आहेत की ती त्या बाईंनी गायलेलीच नाहीत. बनावट सही पकडण्यात माझी हयात गेली, तेव्हा ह्या सहासष्टांचं मला वाटायचं तेवढं वाटलंच. म्हणून मूळ, चऱ्याचं रेकॉर्डिंग मी वेगळं ठेवलं. एका फाइलीला नाव दिलं ‘अस्सल’ आणि दुसरीला ‘दुरुस्त’. दोन्ही एकाच फोल्डरात, शेजारी शेजारी. दादाला दुरुस्त गेली. त्यानं उलट टपाली अंगठा पाठवला.

ताई वाडा सोडायच्या आदल्या आठवड्यात आली. तिला मी दोन्ही ऐकवल्या, आधी दुरुस्त. चाळीस सेकंदं स्वच्छ गेली. ती काही बोलली नाही. आईची बोटं मात्र मांडीवर त्या जागी टिक टिक करत होती, तिला स्वतःला पत्ता नव्हता. ते ताईनं पाहिलं. मग म्हणाली, “दोन्ही दे.” मी पेनड्राइव्ह दिला. तो तिनं पर्समध्ये टाकला, आणि उठून कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून ती एल.पी.च काढली. कव्हर फाटलेलं होतं, तर आईच्या जुन्या टॉवेलात गुंडाळली. नाशिकला तिच्याकडे प्लेअर नाही. घ्यायचा विचारही नाही, असं तिनं आपणहून सांगितलं. बसमध्ये मांडीवर घेऊन बसेन म्हणाली, वर टाकली तर वाकते.

“आणि ते नाणं?” तिनं विचारलं. सुई उडायला लागली की अण्णा दांड्यावर ॲल्युमिनियमचं दहा पैशांचं नाणं ठेवायचे. ते अजून प्लेअरच्या कोपऱ्यात होतं. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली, पण आमच्या घरी हे कामावर होतं. नाणं मात्र मी दिलं नाही. चलनातून गेलेलं नाणं बाहेर देता येत नाही, असा बँकेचा नियम सांगितला. असा नियम नाही. तिला ठाऊक होतं.